देणाऱ्याचे नाव, गाणाऱ्याचे नाव

गेल्या वर्षी पावसाळा सरता सरता टेबलाच्या तळच्या खणातून एक जुना आयपॉड निघाला. तीस जीबीचा, पाठ आरशासारखी, तिच्यावर ओरखडेच ओरखडे. २००६ साली मेहुण्यांनी अमेरिकेहून येताना आणला होता. त्या वेळी नारायणगावात ती चारचौघांना दाखवायची वस्तू होती. मी मात्र तिचा उपयोग ट्रंकेसारखा केला. मामांच्या सगळ्या कॅसेटी मी तिच्यात भरून ठेवल्या होत्या.

मामांचे नारायणगावात रेडिओ-टेप दुरुस्तीचे दुकान होते. नारायणगाव म्हणजे तमाशाची पंढरी. यात्रांच्या हंगामाआधी इथे फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे यात्रा कमिटीवाले सुपारी द्यायला येतात. फडातली माणसे माइक, ॲम्प्लिफायर दुरुस्तीला घेऊन मामांकडे येत. त्या ओळखीवर मामा जुन्नर-आंबेगावच्या यात्रांत टू-इन-वन घेऊन स्टेजच्या कडेला बसत आणि तमाशा टेप करीत. त्यांच्याकडे बाजारातून विकत घेतलेल्या ४१ कॅसेटी होत्या आणि स्वतः टेप केलेल्या २३. या तेविसांतल्या प्रत्येकीत त्यांनी एक चिठ्ठी घालून ठेवली होती : गाव कोणते, साल कोणते, फड कोणाचा, गाणारी बाई कोण, ढोलकीवर कोण.

आता ना त्या कॅसेटी आहेत, ना चिठ्ठ्या. मामा गेल्यावर घराच्या दुरुस्तीत ट्रंकेत पाणी शिरले, टेपांना बुरशी चढली, आणि भंगारवाला दारात उभा असताना मामींनी मला विचारले. मीच म्हणालो, “सगळे कॉम्प्युटरवर घेतले आहे, टाकून द्या.” दोन वर्षांनी त्या कॉम्प्युटरची हार्ड डिस्क गेली. आयपॉड त्याआधीच खणात गेला होता, कारण गाणी भरत असताना मी घाईने तार ओढली होती आणि त्यानंतर त्याच्या पडद्यावर एकही गाणे दिसेना. तो रिकामा झाला असेच मी इतकी वर्षे समजत होतो.

गेल्या वर्षी तार लावून पाहिली. पडद्यावर गाणी शून्य, पण आतली जागा निम्म्याहून जास्त भरलेली. म्हणजे गाणी आत होती. ती बाहेर काढता आली. परंतु काही गाण्यांची नावे आली आणि काहींची आली नाहीत. हा फरक का पडला, याचा शोध घेता घेता मी यंत्रापासून निघून जुन्नरच्या लेण्यांपर्यंत पोहोचलो. त्या प्रवासाचा हा हिशेब.

एकेरी वाट

आयपॉड जाहीर झाला २३ ऑक्टोबर २००१ रोजी. पाच जीबीची जागा आणि खिशात हजार गाणी, ही त्याची जाहिरात. त्याच वर्षीच्या जुलैत नॅपस्टर ही गाण्यांच्या फुकट देवघेवीची व्यवस्था कोर्टकचेरीपायी बंद पडली होती आणि रेकॉर्ड कंपन्या धास्तावल्या होत्या. नव्या प्लेअरच्या वेष्टनावर गाणी चोरू नका, असा संदेश छापलेला असे. यंत्राची रचनाही त्याच संदेशाला धरून होती. गाणी कॉम्प्युटरवरून प्लेअरमध्ये जातील, प्लेअरमधून कॉम्प्युटरवर येणार नाहीत. कॉम्प्युटर हा मूळ आणि प्लेअर ही त्याची सावली, असे त्यात गृहीत धरले होते. मूळच नष्ट झाले तर काय, याचा विचार त्या रचनेत नव्हता. उलट दुसऱ्याच कॉम्प्युटरला प्लेअर जोडला की आयट्यून्स हा प्रोग्रॅम आतले सगळे पुसून नव्याने भरू का, असे विचारी. होकार दिला की संपले.

२००६ च्या सप्टेंबरात आलेल्या आयट्यून्सच्या सातव्या आवृत्तीने परतीची एक वाट उघडली, पण ती कंपनीच्या ऑनलाइन दुकानातून विकत घेतलेल्या गाण्यांपुरती. ते दुकान भारतात उघडले डिसेंबर २०१२ मध्ये. थोडक्यात, दुकानातले गाणे परत येऊ शकत होते, यात्रेत टेप केलेले येऊ शकत नव्हते.

तरीही यंत्रावर अन्याय नको. गाण्यांना कुलूप नव्हते, फक्त पडदा होता. विंडोजमध्ये लपवलेल्या फायली दाखव, असे सांगितले की प्लेअरच्या पोटात एक फोल्डर दिसतो, त्यात एफ००, एफ०१ अशा क्रमांकांचे फोल्डर, आणि प्रत्येकात फायली. फायलींची नावे मात्र चार-चार रोमन अक्षरांची, अर्थहीन. एकाच कॅसेटच्या दोन बाजू दोन टोकांच्या फोल्डरांत. कोणती फाइल म्हणजे कोणते गाणे, हे सांगणारी वही वेगळी असते. तिला डेटाबेस म्हणतात. प्लेअरची स्मरणशक्ती थोडी, बॅटरी लहान. हजारो फायली उघडून नावे वाचण्यापेक्षा एक वही वाचणे त्याला सोपे पडते. सोय म्हणून हे ठीकच आहे. ही वही शाबूत असेल तर ती वाचून गाणी नावांसकट परत देणारे प्रोग्रॅमही मिळतात. माझी वही फाटलेली होती, आणि ती माझ्याच हाताने फाटली होती.

फायली साध्या कॉपी करून घेतल्या. मग खरी गोष्ट कळली.

विकत घेतलेल्या ४१ कॅसेटी मी २००६ मध्ये एमपी३ करून घेतल्या होत्या. त्यांची नावे जशीच्या तशी परत आली. एमपी३ फाइलच्या आतच नावासाठी जागा असते, तिला टॅग म्हणतात. आयट्यून्समध्ये नाव लिहिले की ते त्या टॅगमध्येही उतरते. बाहेरून फाइलचे नाव काहीही होवो, आतले नाव सोबत राहते.

मामांच्या २३ कॅसेटी माझ्या लेखी मौल्यवान. म्हणून त्या मी एमपी३ केल्या नव्हत्या. आवाजाचा कण न् कण राहावा म्हणून वेव्ह या प्रकारात घेतल्या होत्या. मिनिटाला सुमारे दहा एमबी, एमपी३च्या दहापट जागा. आणि वेव्ह फाइलमध्ये आयट्यून्स नाव लिहीतच नाही. ते नाव फक्त वहीत राहते. मामांच्या चिठ्ठ्यांवरून मी रात्र रात्र जागून टाइप केलेली गावे, साले, बायांची नावे, ढोलकीवाल्यांची नावे, सगळे त्या वहीत होते. वही गेली आणि ४६ बाजू, म्हणजे ४६ फायली, स्वच्छ आवाजात, बिननावाच्या परतल्या. बाजारातल्या गाण्यांची नावे वाचली. ज्यांची नावे दुसरीकडे कुठेच नव्हती, त्यांचीच गेली.

आवाजात काय राहिले

चिठ्ठ्या नाहीत, तर आवाजातूनच नावे शोधायची, असे ठरवून मी सहा महिने त्या ४६ बाजू ऐकल्या आणि ऐकू आलेले प्रत्येक नाव वहीत उतरवले. या वेळी कागदाच्या वहीत.

कवींची नावे पुष्कळ सापडली. लावणी, गौळण, गण रचणारा शेवटच्या कडव्यात आपले नाव गुंफतो. ही नाममुद्रेची रीत संतांच्या अभंगांत आहे, शाहिरांत आहे, पठ्ठे बापूरावांपर्यंत आणि त्यांच्याही पुढे आहे. होनाजी बाळा या नाममुद्रेची गंमत तर वेगळीच. ती दोन माणसांची आहे : कवने रचणारा होनाजी शिलारखाने आणि ती गाणारा बाळा करंजकर. रचणारा आणि गाणारा एका मुद्रेत आले, असे उदाहरण दुर्मीळ. नाममुद्रा हा एका अर्थी आपला टॅगच. कागद गेला, वही फाटली, गाणे शंभर तोंडांतून फिरले, तरी नाव गाण्याच्या आत असल्यामुळे टिकले. माझ्या ४६ बाजूंपैकी ३१ बाजूंवर निदान एका कवीचे नाव ऐकू येते.

फडाचे किंवा फडमालकाचे नाव १४ बाजूंवर आहे, बहुतेक वगाच्या आधीच्या घोषणेत.

गाणाऱ्या बाईचे नाव ५ बाजूंवर. ढोलकीवाल्याचे २ बाजूंवर. झीलकऱ्यांचे एकाही बाजूवर नाही.

आणि सर्वांत जास्त, ३८ बाजूंवर, कोणाची नावे आहेत? दौलतजादा करणाऱ्यांची. तमाशात खूश झालेला प्रेक्षक नोट पुढे करतो, आणि त्याचे नाव, गाव, रक्कम स्टेजवरून मोठ्याने सांगितली जाते. मध्येच गाणे थांबते, ढोलकी थांबते, नाव पुकारले जाते, आणि मग गाणे पुढे चालू. मामा ते टेपवरून कापत नसत. लहानपणी मला त्या नावांचा राग येई. आज त्याच नावांनी मला वाट दाखवली. पाठोपाठ एकाच गावची नावे आली की यात्रा त्या पंचक्रोशीतली, एवढे ताडता येते. त्या गावांत जाऊन विचारले, तेव्हा १७ बाजूंची गावे आणि त्यांतल्या ९ बाजूंची साले पक्की झाली. दहा-वीस रुपये देणाऱ्याचे नाव चाळीस वर्षे टेपवर राहिले. ज्या बाईच्या गळ्यासाठी ते दिले, तिचे राहिले नाही.

यंत्राने नावे घालवली असे मी सुरुवातीला म्हणत होतो. आता मी ते अर्धेच खरे मानतो. यंत्राची वही फाटल्यावर जे उरले, तो आपल्याच रीतीचा सांगाडा होता. रचणाऱ्याला गाण्यात जागा, मालकाला घोषणेत जागा, देणाऱ्याला गाणे थांबवून जागा. गाणारी आणि वाजवणारा यांची नावे कायमच बाहेरच्या चिठ्ठीवर. चिठ्ठी हरवली की ती पहिली जाणार.

डोंगरातली नावे

जुन्नरकराला हे नवे वाटू नये. आपल्याभोवतीच्या डोंगरांत दोन हजार वर्षांपूर्वीचे दानलेख आहेत. त्यांत इरिल नावाच्या यवनाने पाण्याची दोन टाकी दिल्याची नोंद आहे, धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने लेणे दिल्याची नोंद आहे. ब्राह्मी अक्षरांत देणाऱ्याचे नाव कोरलेले. छिन्नी ज्याच्या हातात होती त्याचे नाव शोधायला गेलो की हात रिकामा येतो. कर्जतजवळच्या कोंडाण्याच्या लेण्यात कण्हाचा शिष्य बलक याने हे केले, असा लेख आहे. तो वाचताना अंगावर काटा येतो, तो याचसाठी. करणाऱ्याने आपले नाव लिहिले, हे इतके विरळा.

नाणेघाटात तर माझ्या आयपॉडच्या अगदी उलट घडले आहे. तिथल्या लेण्यात सातवाहन घराण्यातल्या व्यक्तींच्या मूर्ती होत्या. मूर्ती गेल्या, पायांच्या खुणा तेवढ्या उरल्या. वर कोरलेली नावे मात्र वाचता येतात : सिमुक, नागनिका, सातकर्णी. रूप गेले, नाव राहिले. शेजारच्या आंबेगाव तालुक्याचेही तसेच. मूळ आंबेगाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेले, कचेऱ्या घोडेगावात आहेत, पण तालुका अजून त्या बुडालेल्या गावाच्या नावाने चालतो. ज्याच्या नावाला दगडात किंवा सरकारी दप्तरात जागा मिळाली, ते नाव वस्तू गेल्यावरही राहते. ज्याच्या नावाला जागा नव्हती, त्याचा आवाज जिवंत असूनही तो निनावी.

जागा मागणाऱ्या बायका

ही जागा ज्या बायकांनी स्वतः घेतली, त्यांच्याकडे या दृष्टीने पाहायला हवे. १९०२ साली ग्रामोफोन कंपनीने कलकत्त्यात गौहर जानचे गाणे ध्वनिमुद्रित केले. गाणे संपताना ती आपले नाव इंग्रजीत सांगते. तबकड्या छापायला जर्मनीत हॅनोव्हरला जात, तिथल्या कामगारांना कोणाचे गाणे ते कळावे म्हणून ही रीत पडली, असे सांगितले जाते. कारण कारखान्याचे असेल. पण परिणाम असा की त्या तबकडीवरून कॅसेट केली, कॅसेटवरून सीडी, सीडीवरून मोबाइल, तरी तिचे नाव तिच्याच आवाजात सोबत जाते.

आणि आमच्या नारायणगावच्या विठाबाई. जन्म १९३५, निधन २००२. वडील भाऊ आणि चुलते बापू यांच्या फडाचा वारसा त्यांनी चालवला आणि स्वतःच्या नावाचा फड उभा केला. राज्य सरकार आज त्यांच्या नावाने तमाशा कलावंतांना जीवनगौरव पुरस्कार देते. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर हे नाव पाटीवर होते, तिकिटावर होते, घोषणेत होते. म्हणून ते टिकले. गुण तर होताच, पण तितक्याच गुणाच्या किती जणी दुसऱ्याच्या पाटीखाली गायल्या असतील, याचा अंदाज मला या ४६ बाजूंवरून येतो.

कायदाही बराच काळ लेण्यांच्याच वळणाने गेला. १९८४ मध्ये कॉपीराइट कायद्यात ५२अ हे कलम आले. कॅसेटवर आणि तिच्या वेष्टनावर तीन गोष्टी छापणे त्याने सक्तीचे केले : ध्वनिमुद्रण करणाऱ्याचे नाव-पत्ता, हक्कमालकाचे नाव-पत्ता आणि प्रथम प्रकाशनाचे वर्ष. गाणाऱ्याचे नाव या यादीत नाही. कॅसेटच्या कव्हरवर ते असे, ते विक्रीसाठी. कलावंत म्हणून आपले नाव सांगितले जावे, असे मागण्याचा हक्क २०१२ च्या दुरुस्तीत ३८ब या कलमाने मिळाला. हक्क मिळाला, पण तो मागायला आपले गाणे कुठे वाजते आहे हे कळावे लागते. एसटी स्टँडजवळच्या मोबाइलच्या दुकानात मेमरी कार्डात गाणी भरून मिळायची तेव्हा मीही भरून घेतली आहेत. परदेशी प्लेअरसारखी तिथे अडवणूक नव्हती. कार्डातून कॉम्प्युटरवर, तिथून दुसऱ्या कार्डात, गाणे मोकळे फिरे. फोल्डरचे नाव ‘लावणी मिक्स’, आत एक ते दोनशे आकडे. एकीकडे नावे होती पण वाट बंद, दुसरीकडे वाट मोकळी पण नावे नाहीत. गाणारीला दोन्हीकडे तोटाच.

यावर एक आक्षेप मला ठाऊक आहे. लोककला ही सगळ्यांची, तिथे नावाचा आग्रह कशाला? हा आक्षेप मी अनेक व्याख्यानांत ऐकला आहे, आणि तो घेणाऱ्याचे नाव नेहमी निमंत्रणपत्रिकेवर छापलेले असते. माझ्या टेपांवर कवीचे नाव आहे, मालकाचे आहे, दहा रुपये देणाऱ्याचेही आहे. ‘सगळ्यांची’ म्हणताना नेमकी दोन-तीन माणसेच निनावी राहत असतील, तर त्याला सामूहिकता म्हणता येत नाही.

आता काय करतो

खोडदला आणि आसपासच्या परिसरात ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आकाशाकडे तोंड करून उभ्या आहेत. दूरच्या आकाशातून आलेला संकेत तिथे नोंदतात, तेव्हा तो कोणत्या क्षणी, कोणत्या दिशेने आला, हेही नोंदतात. ते नसेल तर संकेत म्हणजे नुसती खरखर. गावातल्या आवाजासाठीही एवढी शिस्त पाळायला हरकत नाही.

मी आता तीन गोष्टी करतो. वेव्हऐवजी फ्लॅक या प्रकारात फायली ठेवतो. आवाज तितकाच पूर्ण राहतो आणि नाव फाइलच्या आत लिहिता येते. दुसरे, कागदाची वही ठेवतो आणि तिच्या तीन प्रती तीन घरांत आहेत. तिसरी गोष्ट गौहर जानकडून घेतली. प्रत्येक फाइलच्या सुरुवातीला मी माझ्या आवाजात गाव, साल, फड, बाई, ढोलकी ही माहिती बोलून जोडतो. जिथे माहीत नाही तिथे ‘गाणारीचे नाव मिळाले नाही’ असेही बोलतो. फायलींचा प्रकार उद्या बदलेल, टॅग पुसले जातील, २०२२ मध्ये आयपॉडच बंद झाला. आवाज जिथे जाईल तिथे हे वाक्य जाईल.

यंदाच्या उन्हाळ्यात एका निवृत्त ढोलकीवाल्या बाबांना एक बाजू ऐकवली. दोन आवर्तनांत ते म्हणाले, “हा हात माझाच.” मग दौलतजादातली नावे येऊ लागली तशी ती माणसे कोणाची कोण, हे ते सांगत गेले. बाई गाऊ लागली तेव्हा गप्प झाले. मी नाव विचारले. बराच वेळ आठवून म्हणाले, “आम्ही तिला आक्काच म्हणायचो. दोन हंगाम होती आमच्यात. नाव काही विचारलं नाही कुणी.”

त्या फाइलवर मी ‘आक्का, दोन हंगाम’ असे बोलून ठेवले आहे. ढोलकीवर बाबांचे नाव आहे, त्यांच्याच आवाजात.

जुन्नर-आंबेगावात ज्यांच्या माळ्यावर अशा कॅसेटी अजून असतील, त्यांना एकच विनंती. ऐकायला यंत्र नसले तरी चालेल, टेप सडली असली तरी चालेल. टाकून देण्याआधी आतली चिठ्ठी काढा, आणि मोबाइल सुरू करून ती एकदा मोठ्याने वाचा.